फलकावर जागा कोणाला

पुलगावहून आर्वीकडे निघालं की वाटेत रोहणा लागतं. कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही छोट्या रुळांची गाडी या गावावरून जायची. ती टाकली होती कापसाच्या गाठींसाठी. माणसं तिच्यात ओघानेच बसायची. ती गाडी आता इतिहासजमा झाली. गावात काय चाललंय हे पूर्वी स्टेशनावर कळायचं, हल्ली ते फ्लेक्सवर कळतं. कोणाचा वाढदिवस आहे, कोणाची तालुकाध्यक्षपदी निवड झाली, कोणत्या योजनेबद्दल कोणाचे आभार मानायचे आहेत, हे सगळं बसथांब्याजवळ, दहा बाय आठच्या चौकटीत.

हे दृश्य एकट्या रोहण्याचं नाही. वर्धा जिल्ह्यातलं, किंबहुना महाराष्ट्रातलं कोणतंही पाच-सहा हजार वस्तीचं गाव घ्या, चौक तोच. तरीही कलेवर लिहायला बसल्यावर मी इथून सुरुवात करतो आहे, कारण कलादालनं, बिनाले आणि लिलावघरं यांच्या बाहेर, आजच्या महाराष्ट्रात सर्वाधिक लोक रोज जे चित्र पाहतात ते हेच. ते समकालीन आहे, सार्वजनिक आहे, आणि त्यात राजकारण ठासून भरलेलं आहे. कलासमीक्षकांनी मात्र त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलेलं दिसतं.

फ्लेक्सची रचना एकदा नीट बघा. सगळ्यात वर महापुरुषांची रांग, गोल चौकटीत. कोणते महापुरुष आणि कोणत्या क्रमाने, यावरून पक्ष आणि पुष्कळदा जातही कळते. त्याखाली दिल्लीचा आणि मुंबईचा नेता. मध्यभागी ज्याच्यासाठी फलक लागला तो, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून किंवा चालत येताना, मागे सूर्यकिरणं नाहीतर सिंह. खाली पासपोर्ट फोटोंची ओळ: शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार, अमुक मंडळाचे पदाधिकारी. ज्याची सत्ता मोठी त्याचं डोकं मोठं. प्राचीन इजिप्तच्या भिंतींवर फारोह मोठा आणि नोकर गुडघ्याएवढा काढत, तोच नियम इथे कोणी न शिकवता पाळला जातो. मोजमाप चुकलं तर भांडण ठरलेलं. ‘माहा फोटो बारका काहून टाकला?’ हा प्रश्न फ्लेक्सच्या दुकानात नवा नाही, आणि तो विचारणारा माणूस रचनाशास्त्रातला अगदी मूळचा प्रश्न विचारतो आहे.

हे चित्र कोणी काढत नाही, हीदेखील त्याची एक खासियत. तयार आराखडे मोबाइलवर फिरत येतात, दुकानदार कोरल ड्रॉ उघडतो, जुनं डोकं काढून नवं बसवतो. अक्षरं श्री-लिपीतली, सगळीकडे सारखीच. याआधी प्रत्येक तालुक्याच्या गावाला आपापले पेंटर होते. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागचा मोर, निवडणुकीत भिंतीवर गेरूने रंगवलेली निशाणी, सगळं त्यांच्या हातचं. ‘ळ’चं वळण बघून जाणकार सांगत, ही पाटी आर्वीच्या पेंटरची की पुलगावच्या. खाली कोपऱ्यात सही असायची. फ्लेक्स आला आणि दहा-पंधरा वर्षांत ही जमात संपली. कोणी घरं रंगवू लागला, कोणी स्वतःच फ्लेक्सचं यंत्र घेतलं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान मोर्चे निघाले होते. कुंचल्यांचा संप कधी झालाच नाही.

फ्लेक्सचं उत्तरायुष्य मात्र फार मजेशीर असतं. कार्यक्रम संपला की रात्रीतून फलक उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या गंजीवर, गोठ्याच्या कुडावर किंवा गळक्या कवेलूंवर दिसतो. पाणी आत येत नाही, हा त्याचा खरा गुण शेतकऱ्याने ओळखला. त्यामुळे ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात रोहण्याच्या आसपास एखादा आमदार उताणा पडून सोयाबीन राखताना दिसला तर नवल नाही. दिलेल्या आश्वासनांपैकी एवढं तरी पाळलं गेलं.

*

लोकानुनयाचं राजकारण म्हणजे लोकांना आवडेल ते करणं, एवढीच आपली ढोबळ समजूत असते: कर्जमाफी, फुकट वीज, महिन्याचे दीड हजार. यान-वर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकाने २०१६ साली याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं वेगळं आहे. पैसे वाटणं सगळेच करतात. लोकानुनयी नेत्याची खूण ही की, खरे लोक म्हणजे कोण हे तो ठरवतो आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क फक्त माझाच, असं सांगतो. ज्याला ते पटत नाही तो विरोधक राहत नाही. तो लोकांमधूनच वजा होतो.

ही व्याख्या चित्राला लावली की गोष्ट सरळ होते. लोकांच्या नावाने जे चित्र उभं राहतं त्यात लोक कुठे आहेत? फ्लेक्सवर ते खालच्या ओळीत, शुभेच्छुक म्हणून आहेत. चित्राचा विषय नेता, चित्राचा खर्च बहुधा त्या खालच्या ओळीचा.

आता याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ज्या पोराच्या बापाचा, आज्याचा एकही फोटो घरात नाही, त्याचं तोंड चार फुटांचं होऊन गावात लागतं, हे या फ्लेक्सने घडवलं. तैलरंगातली व्यक्तिचित्रं पूर्वी संस्थानिकांची आणि गिरणीमालकांची असत. जयंतीच्या दिवशी बौद्धवाड्याच्या कमानीवर पंधरा-वीस तरण्या पोरांचे चेहरे ओळीने झळकतात तेव्हा ‘काय हे दृश्य प्रदूषण’ म्हणून नाक मुरडणारा शहरी माणूस नेमकं कशाला नाक मुरडतो आहे, हे त्याने स्वतःला विचारून बघावं. मला फ्लेक्स कुरूप वाटतो. पण त्यातली जागा मिळवण्याची धडपड कुरूप वाटत नाही.

*

जनतेचं राजकारण आणि चित्रकला यांचा एक अगदी वेगळा मेळ याच जिल्ह्यातून आखला गेला होता. त्याला आता नव्वद वर्षं होतील.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. झोपडीच्या खर्चाला पाचशे रुपयांची मर्यादा त्यांनी घातली होती, असं तिथे आजही सांगतात. मातीच्या भिंतीवर मीराबेनने ओल्या मातीतूनच उठावाची चित्रं काढली: खजुरीची झाडं, चरखा, ॐ. एका नौसेनापतीची मुलगी, बीथोवनची वेडी, वऱ्हाडाच्या वेशीवर माती कालवून भिंत सजवते आहे. बापूकुटीत ते काम अजून बघायला मिळतं, आणि ते बघताना कोणाला ‘कलाकृती बघतो आहोत’ असं वाटत नाही, इतकं ते भिंतीचंच होऊन गेलं आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पूर्व खानदेशात फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी ही मंडळी राबत होती. ‘टिळकनगर’ उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. नंदलाल चित्रकार, मंडप बांधणं हे त्यांचं काम नव्हे. पण ते आले. म्हात्रे नावाचे वास्तुरचनाकार बरोबर होते. बांबू, चटया, गवत, आसपासचे कारागीर, यांतून त्यांनी ते नगर उभं केलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी या दोघांचं तोंड भरून कौतुक केलं ते याच कारणासाठी: सामान गावातलं, हात गावातले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच अधिवेशनात अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची बैल जुंपलेल्या सजवलेल्या रथातून मिरवणूक निघाली. चौदा महिन्यांनी गुजरातेत हरिपुऱ्याला सुभाषबाबूंचा रथ ५१ बैलांचा होता. म्हणजे नेत्याला उंच बसवण्याचा सोस तेव्हाही होता, आणि त्याला उत्तम कलावंताचा हातही लागत होता. गांधीयुगात सगळं साधं आणि निर्मळ होतं, हे चित्र आपण नंतर रंगवलं आहे.

तरीही फैजपूर आणि हरिपुरा या दोन अधिवेशनांच्या मध्ये युरोपात काय घडलं ते शेजारी ठेवून बघण्याजोगं आहे. १९३७ च्या जुलैत म्युनिकमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन प्रदर्शनं उघडली. १८ तारखेला हिटलरच्या पसंतीच्या ‘महान जर्मन कले’चं: निरोगी देह, शेतकरी कुटुंबं, वीर. दुसऱ्या दिवशी ‘अधःपतित कले’चं. देशभरच्या संग्रहालयांतून उचलून आणलेल्या साडेसहाशेच्या आसपास कलाकृती अंधाऱ्या, अरुंद खोल्यांत मुद्दाम दाटीवाटीने, वाकड्यातिकड्या टांगल्या होत्या. क्ले, कांडिन्स्की, किर्शनर, बेकमान, शागाल. भिंतींवर टवाळीची वाक्यं, आणि पुष्कळ चित्रांखाली त्यांच्या खरेदीची किंमत लिहिलेली, वर शेरा असा की कष्टकरी जर्मनांच्या करातून हे घेतलं. युक्ती बारकाईने बघा: चित्र चांगलं की वाईट हा वाद नाहीच. वाद पैशाचा, आणि ‘तुम्हाला हे कळत नाही ना, मग ते तुमच्याविरुद्धच आहे’ असा. वीस लाखांवर लोक ते बघून गेले. पलीकडच्या अधिकृत प्रदर्शनाला त्यामानाने फार कमी गर्दी होती. लोकांच्या नावाने कलेवर सोडलेला राग कसा चालवायचा, याचा तो वस्तुपाठ होता आणि तो पुढे अनेकांनी गिरवला.

सात महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, हरिपुरा. नंदलालनी हातकागदावर, मातीच्या रंगांनी फलक रंगवले. ऐंशीवर मूळ चित्रं त्यांची, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नकला धरून चारशेच्या घरात. ते प्रवेशद्वारांवर, मंडपांच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर लावले. काय होतं त्यांत? ढोल बडवणारा, चांभार, कुंभार, दळणारी बाई, कुस्तीगीर, शिकारी, बैल आवरणारा गडी. नेता एकही नाही. घोषवाक्य नाही. तो राजकीय मेळावा होता, इतक्या मोठ्या गर्दीपुढे एरवी कोणीही पुढाऱ्यांची रांग लावली असती. नंदलालनी ज्यांना बघायला बोलावलं होतं त्यांनाच भिंतीवर मोठं केलं. रेषा अशी वेगवान आणि ठाशीव की चालता चालता कळावी. आणि तरीही पटचित्रांपासून अजिंठ्यापर्यंतचा अभ्यास तिच्यात मुरलेला. सोपं आणि स्वस्त यांत किती अंतर असतं, ते या चित्रांत दिसतं.

उणीव शोधायचीच तर एक आहे. हरिपुऱ्याचा चांभार देखणा आहे, पण तो बोलत नाही. त्याला त्याच्या जातीने काय भोगायला लावलं, हे त्या फलकावर नाही. श्रमाचं सौंदर्य आहे, श्रमाची चीड नाही. ती चीड पुढे नागपूरच्या सवी सावरकरांसारख्यांच्या चित्रांत आली, थुंकीचं मडकं गळ्यात बांधलेला माणूस घेऊन. ती चित्रं अधिवेशनाच्या कमानीवर लावायची कोणाची छाती झाली नसती.

*

हरिपुऱ्याचे फलक २०१९ साली व्हेनिसला पोचले. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त बिनालेतल्या भारतीय दालनात ते मांडले होते. त्यांच्याबरोबर शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं होती, अतुल दोडियांची कपाटं होती, आणि जितीश कल्लाट यांची एक रचना होती जिचा वर्ध्याशी थेट संबंध आहे. अंधाऱ्या खोलीत धुक्याचा पडदा, त्यावर सरकत जाणारी पत्राची अक्षरं. पत्र २३ जुलै १९३९ चं, गांधीजींनी हिटलरला लिहिलेलं, माथ्यावर पत्ता वर्ध्याचा. युद्ध टाळू शकणारा जगातला एकटा माणूस तूच आहेस, तेव्हा थांब, अशी मोजक्या वाक्यांची विनवणी. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊच दिलं नाही. प्रेक्षक त्या धुक्यातून आरपार चालत जातो, अंगावर अक्षरं घेऊन.

विसाव्या शतकात ‘मी म्हणजेच लोक’ असं ज्याचं म्हणणं होतं त्याला, लाखोंची गर्दी ज्याच्या मागे चालत होती अशा दुसऱ्या माणसाने ‘मित्रा’ म्हणून हाक मारली. कल्लाटांनी त्यावर मत दिलं नाही, फक्त पत्र अधांतरी ठेवलं. समकालीन कला जे उत्तम करते ते असं. पण रोहण्याहून सेवाग्राम तास-दीड तासावर असताना ते पत्र बघायला व्हेनिसला जावं लागावं, हे आजच्या कलेचं दुखणंही आहे.

हे दुखणं कलावंतांना कळत नाही असं नाही. सुधीर पटवर्धन, ठाण्यात डॉक्टरकी करत लोकलच्या डब्यातली, चाळीतली, इराण्याच्या टेबलावरची माणसं रंगवणारे, यांनी २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं. मूळ चित्रं, छपाई नव्हे. सोबत बोलायला माणसं. असं काही पुन्हा मोठ्या प्रमाणावर झालं नाही. आणि झालं असतं तरी ते जिल्ह्याच्या गावी थांबलं असतं. रोहण्याला सभागृह नाही म्हणून नव्हे. चित्र बघायला गावात कोण येणार, हे शहरात बसून आधीच ठरलेलं असतं म्हणून.

प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. कोळशाच्या खाणीने शेत गिळलेलं घर. ते कोळशानेच भिंतीवर माणसं काढतात, ज्यांच्या डोक्याच्या जागी दिवा असतो, अवजार असतं. साओ पाउलोपासून कोचीपर्यंत त्यांचं काम गेलं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला. त्याच वर्षी कोचीच्या बिनालेत त्यांनी प्रतिकार करणाऱ्या शेतकरी देहांचं भलंमोठं काम उभं केलं. विदर्भातल्या शेतकऱ्यावर सिनेमे निघाले, अहवाल निघाले, पंतप्रधान येऊन गेले. पाचपुत्यांच्या चित्रातला शेतकरी मात्र कीव मागत नाही. तो अर्धा यंत्र, अर्धा जनावर होऊनही चालत राहतो. हे चित्र आर्वीच्या कापूस बाजारात ट्रॅक्टरवर बसून भाव फुटायची वाट बघणाऱ्याला दाखवलं तर तो काय म्हणेल, हे ऐकायला मला फार आवडेल. ‘हे कळायचं नाही त्याला’ असं म्हणणारा माणूस म्युनिकच्या प्रदर्शनवाल्यांचंच काम सोपं करत असतो.

कारण अंतर पडलं की त्या अंतरात कोणीतरी घुसतोच. पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत चौरस फुटावर पैसे घेऊन सिनेमाचे फलक रंगवत वर आलेले चित्रकार हुसेन, म्हणजे फ्लेक्सयुगाआधीच्या रस्त्यावरच्या चित्रकलेचेच पुत्र. १९९६ साली त्यांच्या जुन्या रेखाचित्रांवरून वादळ उठलं. अहमदाबादच्या दालनात तोडफोड झाली, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला. ती चित्रं तेव्हा वीसेक वर्षं जुनी होती. तोवर कोणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले. तोवर ते देश सोडून गेले होते, २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये वारले. ‘लोकभावना’ म्हणून जे पुढे केलं गेलं त्यात लोक किती होते आणि भावना कोणाची होती, याचा हिशेब कोणी मागितला नाही.

दबाव नेहमी दगड घेऊनच येतो असं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या का मोडीत काढल्या, असा त्यांचा सवाल होता. त्यांना व्यासपीठावरूनच पुन्हा पुन्हा थांबवण्यात आलं: बरव्यांबद्दल बोला. कोऱ्या कॅनव्हासचा इतका विचार केलेल्या चित्रकाराच्या साक्षीने हे घडलं.

*

फ्लेक्स पावसाळ्यापुरता, पुतळा कायमचा, असा समज आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाला, शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मूर्तिकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली, पंतप्रधानांनी माफी मागितली. राज्यात पुतळ्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. तेव्हा जे बाहेर आलं ते असं की, मान्यता दिली गेली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. सहाचे पस्तीस कधी झाले, हे मान्यता देणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. मे २०२५ मध्ये तिथे नवा, ६० फुटी पुतळा उभा राहिला, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांच्या कार्यशाळेतून. कोसळलेल्याच्या जागी आलेला पुतळा अधिक भक्कम असावा हे ठीकच. तो जवळपास दुप्पट उंच का असावा, हे कोणी विचारलं नाही. उंची हाच आता पुतळ्याचा विषय झाला आहे. नर्मदेकाठी १८२ मीटर, मुंबईच्या इंदू मिलमध्ये नियोजित ३५० फूट. सेवाग्रामातसुद्धा, पाचशे रुपयांच्या झोपडीपासून जवळच, आता अवाढव्य पोलादी चरखा उभा आहे. त्यावर सूत निघत नाही, सेल्फी मात्र निघते.

लोककलेकडेही सरकारचं लक्ष आहे. जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, पाठोपाठ १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर झालं. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा गावोगावी कलापथकं तिचं गाणं करत फिरली. कलावंताच्या हाती पैसा पडला तर त्याला हसू नये. तो मिळवतोच किती? पण ज्याच्या हातात खंजिरी आहे त्याने आभाराचंच भजन म्हणायचं, असा पायंडा पडायला वेळ लागत नाही. खंजिरीचा या भागातला इतिहास निराळा आहे. तुकडोजी महाराज १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला राहून आले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटलं तेव्हा इंग्रज सरकारला त्यांच्या भजनांत दारूगोळा दिसला आणि त्यांना तुरुंगात टाकलं. तेव्हाचं सरकार भजनाला घाबरत होतं, आताचं सरकार त्याला अनुदान देतं. दोहोंपैकी भजनाची ताकद कोणी नीट ओळखली, हे ज्याने त्याने ठरवावं.

*

मग उत्तर देणारं चित्र गावात कुठेच नाही का? आहे, पण ते टिकत नाही. ते टिकू नये अशीच त्याची घडण आहे.

पोळ्याच्या दिवशी आखरावर बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, आणि तोरण तुटेपर्यंत झडत्या रंगतात. चार-सहा ओळींचं यमक, शेवटी महादेवाचा गजर. विषय त्या वर्षीचे: कापसाचा भाव, बोगस बियाणं, रात्रीची वीज, रेशन, सरपंच, मंत्री. एकाने टाकली की दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. ज्याच्यावर झडती पडली तो तिथेच, आपल्या बैलाची वेसण धरून उभा असतो आणि त्याला हसावंच लागतं. वर्षभर फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला माणूस त्या एका संध्याकाळी गावाच्या तोंडी सापडतो. इथे शुभेच्छुकांची ओळ नाही, वरची रांगही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघते. खेड्यात ती छोटी, मातीची किंवा चिंध्यांची, रोगराई घेऊन शिवेबाहेर जाणारी. नागपुरात तिचं जे झालं ते जगातल्या कोणत्याही राजकीय कलेच्या इतिहासात नोंदवण्याजोगं आहे. काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते. काळीचा संबंध इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाई भोसले यांच्याशी लोक जोडतात. त्यांच्या मागून येतात बडगे: बांबूच्या कामट्या, कागद, जुने कपडे यांचे वीस-वीस फुटी पुतळे, गळ्यात पाट्या. महागाई, पेपरफुटी, खड्डे, भ्रष्टाचार, दहशतवादी, कधी परदेशी राष्ट्राध्यक्ष. मोहल्ल्यातली पोरं महिनाभर खपून ते करतात, गल्ल्यागल्ल्यांतून नाचवतात आणि त्याच दिवशी जाळून टाकतात. इकडे ६० फुटी कांस्य, तिकडे २० फुटी कागद. बडग्याला कला संचालनालयाची मान्यता लागत नाही, आणि तो कोसळला म्हणून कोणाला अटक होत नाही.

बडग्याला फार डोक्यावर घेण्यात अर्थ नाही, हेही तितकंच खरं. तोसुद्धा विकला जातो. एखाद्या वर्षी बडग्यांवरच्या पाट्या वाचल्या की कोणत्या मंडळामागे कोणता नगरसेवक आहे ते कळतं. स्थानिक आमदार कधीच बडगा होत नाही, शेजारचा देश दरवर्षी होतो. दूरच्यावर राग काढणं स्वस्त पडतं, आणि गर्दीचा राग कोणाकडे वळवायचा हे ठरवणारी माणसं मारबतीतही घुसलेली आहेत. झडतीला ते जमत नाही, कारण झडतीतला शत्रू चार हातांवर उभा असतो. म्हणून माझं मत नागपूरच्या मिरवणुकीपेक्षा आखराला.

अडचण ही की आखर ओस पडत चाललं आहे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, आणि झडत्या येणारी माणसं म्हातारी झाली. अलीकडे झडत्यांच्या स्पर्धा होतात, बक्षीस असतं, मागे प्रायोजकाचा फ्लेक्स असतो. ज्याचा फ्लेक्स त्याच्यावर झडती पडेल का?

जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘बोलक्या भिंती’ असतात. कंत्राटावर पेंटर येतो, फुलपाखरं, पाढे, नकाशा, कार्टूनमधला भीम काढून जातो. कुंचला धरणाऱ्या उरल्यासुरल्या पेंटरांना तेवढंच काम. त्या भिंतींना हात लावला तर मुलांना मार बसतो. याच जिल्ह्यात याच्या उलटही घडलं आहे. नंदलालांचे विद्यार्थी देवीप्रसाद १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून सेवाग्रामला आले, ते गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवायला. कुंभारकामाची भट्टी लावली, आणि खेड्यातल्या मुलांनी काढलेली चित्रं वर्षानुवर्षं जपून ठेवली, त्यांवर पुस्तक लिहिलं. मुलाच्या चित्रावर मोठ्या माणसाने रेघ ओढू नये, हा त्यांचा आग्रह. मुलाला शेतकरी बापापेक्षा बैल मोठा वाटला तर बैल मोठा निघणार, आणि पुढारी मोठा वाटला नाही तर तो निघणारच नाही.

रोहण्यासारख्या गावात मुलांच्या चित्रांसाठी अशी एक भिंत मोकळी सोडायला जिल्हा नियोजन समितीचा निधी लागत नाही. मुख्याध्यापकाची हिंमत लागते, आणि गेरूचे दोन डबे.